बिनशब्दांची 'नागिन'

लग्नसराईत जालन्याच्या बडी सडकेवरून वरात निघाली की एक क्षण हमखास येतो. बेंजोवाला चालू गाणं अर्ध्यावर सोडतो, ताशा थबकतो आणि पुंगीचा तो लपेटे घेत चढणारा सूर लागतो. नवरदेवाच्या मित्रांपैकी एकजण रुमालाचं एक टोक दातांत धरून दुसरं हातानं ताणतो आणि गारुडी होतो. दुसरा नव्या कपड्यांची पर्वा न करता भर रस्त्यात आडवा पडून नाग होतो. घनसावंगी, परतूर, भोकरदन, कुठेही जा, हे दृश्य चुकत नाही.

कोणालाही विचारा, उत्तर एकच येईल: 'नागिन'मधलं गाणं, लताबाईंचं. १९५४ सालचा फिल्मिस्तानचा चित्रपट, वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार, संगीत हेमंतकुमार यांचं, गीतं राजेंद्रकृष्ण यांची. या संगीतासाठी हेमंतकुमारांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. हे सगळं खरं आहे, पण वरातीत नीट कान देऊन ऐकलं की वेगळंच लक्षात येतं. पोरांना जमिनीवर लोळवतो तो सूर लताबाईंनी गायलेल्या चालीचा नाही. तो त्या गाण्याच्या आधी आणि मधे वाजणारा बिनेचा तुकडा आहे. सत्तर वर्षांत गाण्याचे शब्द मागे पडले, गायिकेचा आवाज मागे पडला आणि उरलं ते वाद्यवृंदानं भरलेलं मधलं अंतर. ते कोणी भरलं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. उत्तराआधी जरा दूर जाऊन येऊ.

शब्द काढून घेतलेल्या गाण्याचा जगातला सर्वांत सखोल प्रयोग जमैकात झाला. तिथे १९६० च्या दशकात किंग्स्टनच्या वस्त्यांमधून मोठमोठे स्पीकर रचून रस्त्यावर नाच चालत. अशा स्पीकरताफ्याला 'साउंड सिस्टिम' म्हणत आणि दुसऱ्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे असावी यासाठी मालकांमध्ये चढाओढ असे. दशकाच्या अखेरीस स्पॅनिश टाउन गावच्या रडी रेडवूड या मालकासाठी ड्यूक रीडच्या स्टुडिओत पॅरागॉन्स या गायकत्रयीच्या 'ऑन द बीच' गाण्याची तबकडी कापली जात होती. ध्वनितंत्रज्ञ बायरन स्मिथकडून गायकांचा आवाज त्यात सोडायचा राहिला, असं सांगतात. रेडवूडनं ती तशीच वाजवली. मोकळ्या जागेत लोक स्वतः गाऊ लागले. पुढे रेगे या तिथल्या संगीताच्या तबकडीच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याची बिनशब्दांची 'व्हर्शन' हा रिवाजच पडला.

या व्हर्शनला कला केलं ते ऑस्बोर्न रडॉक ऊर्फ किंग टबी यानं. हा गायक नव्हता, वादकही नव्हता. रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा कारागीर. डायनॅमिक स्टुडिओनं काढून टाकलेलं चार ट्रॅकचं मिक्सिंग टेबल त्यानं घेतलं आणि वॉटरहाउस भागातल्या आपल्या घरात बसवलं. तयार गाणं त्यावर चढवायचं, आवाज बंद करायचा, एखादा शब्द निसटू द्यायचा आणि तो प्रतिध्वनीत विरत जाताना नुसते ड्रम आणि बास पुढे आणायचे. हे 'डब'. १९७५ मध्ये आलेली 'किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन' ही त्यातली सर्वांत गाजलेली तबकडी. तिचा माग काढत गेलं तर आधी जेकब मिलरनं गायलेलं 'बेबी आय लव्ह यू सो' लागतं. त्याच्याही खाली 'कसावा पीस' नावाचा ताल-बासचा सांगाडा लागतो, निर्माता ऑगस्टस पाब्लो. पाब्लो स्वतः मेलोडिका वाजवायचा, म्हणजे तोंडानं फुंकायची छोटी पेटी. जमैकातल्या शाळकरी मुलांच्या हातातलं हे वाद्य त्यानं रेगेत आणलं. पण त्या तबकडीवर तंत्रज्ञाचं नाव शीर्षकातच आहे, ही गोष्ट मला त्या संगीताइतकीच मोलाची वाटते. फ्यूज बदलणाऱ्या माणसाला निर्माता मानण्याची समज त्या वस्तीकडे होती.

आता पुन्हा 'नागिन'कडे येऊ. त्यातली बीन गारुड्याची नाही. ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजलेली आहे. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसानं १९४७ मध्ये हे वाद्य घडवलं. लहानसा कळफलक, शेजारी ॲम्प्लिफायरची पेटी आणि एका वेळी एकच स्वर. दोन कळा दाबल्या तरी सूर एकच निघणार. पुंगीची किंचित नाकातली, थरथरती हाक त्या मर्यादेतूनच साधली गेली. वाजवणारे होते कल्याणजी वीरजी शहा, कच्छी कुटुंबातले, पुढे भावासह 'कल्याणजी-आनंदजी' म्हणून देशाला माहीत झालेले. त्यांच्या साथीला हार्मोनियमवर होते हेमंतकुमारांचे तेव्हाचे साहाय्यक रवी, तेही पुढे मोठे संगीतकार झाले. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, इंग्लंडच्या जो मीकनं याच जातीच्या वाद्यावर उपग्रहाच्या नावाचं 'टेलस्टार' काढलं आणि ते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिल्या क्रमांकावर गेलं. तिकडे ज्या आवाजात अंतराळ दिसलं, त्यात आपल्याकडे वारूळ दिसलं होतं!

त्या काळी रेकॉर्डच्या लेबलावर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं येत. वादकांना जागा नसे. कल्याणजी आणि रवी स्वतः संगीतकार झाले म्हणून त्यांची ही कामगिरी आठवणीत राहिली. जे आयुष्यभर वादकच राहिले, त्यांच्या कित्येक सुरावटी आपण रोज गुणगुणतो आणि त्या कोणाच्या हे सांगू शकत नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना गाठून त्यांच्या आठवणी पुस्तकात उतरवल्या. त्याआधी २००५ मध्ये त्यानं भारतातल्या लग्नाच्या बँडवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. आपल्या दारावरून जाणाऱ्या संगीतावर एवढं मोठं काम परदेशी माणसानं करावं, याची खंत वाटते.

स्टुडिओतून निघालेला तो तुकडा वरातीत आला, तेव्हा त्याला वाट देणारी माणसं आणि वाद्यं वेगळी होती. पितळी बँड भारतात रुजला तो लष्करी छावण्यांच्या बँडवरून. जालन्यालाही १८२७ पासून १९०३ पर्यंत छावणी होती. आपण ज्याला बेंजो म्हणतो, त्या वाद्याची कथा तर त्याहून लांबची. अमेरिकन बॅन्जोशी त्याचं काही नातं नाही. ते मूळचं जपानी 'ताइशोगोतो', १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेलं. लांबट पेटीवर तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. भारतात ते 'बुलबुल तरंग' झालं आणि महाराष्ट्रात बेंजो.

वरातीतला बेंजोवाला काम करताना पाहण्यासारखा असतो. हातगाडीवर ॲम्प्लिफायर, मागे घरघरणारा जनरेटर, वर कर्णे. बटणांचे आकडे त्यालाही वाचता येत नसतात, इतके घासून गेलेले. पण त्याची नजर बेंजोवर नसतेच, ती नाचणाऱ्यांच्या पायांवर असते. पाय मंदावले की तो बिनेचा तुकडा पुन्हा सुरुवातीपासून घेतो. कोणी जमिनीवर लोळू लागला की पुढे न जाता त्याच दोन-तीन सुरांवर घोटाळत राहतो, आणि वरमाई पैसे ओवाळायला पुढे आली की ताशाला खुणावून लय दुप्पट करतो. मूळ रेकॉर्डमधला छोटासा तुकडा तो हवा तेवढा वेळ ताणतो. टबी मिक्सिंग टेबलाच्या सरकपट्ट्यांवर बोटं ठेवून जे करत होता, ते हा नखीनं करतो. फरक इतकाच की टबीनं केलेलं तबकडीवर राहिलं आणि याचं रस्त्यावरच विरून जातं.

कायद्यानं मात्र या वादनाची दखल घेतली आहे. प्रताधिकार कायद्याच्या ५२व्या कलमात धार्मिक समारंभातल्या संगीताला सूट आहे आणि त्या समारंभात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सोहळेही धरले जातील, असा स्पष्ट खुलासा आहे. वरातीत 'नागिन' वाजवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता डीजेच्या भिंतींपुढे बेंजो आणि बँड मागे हटत चालले आहेत. पेनड्राइव्हमधली 'नागिन' प्रत्येक वरातीत तंतोतंत सारखी वाजते. ती नाचणाऱ्याच्या पायांकडे बघत नाही. माझं मत विचाराल तर हा तोटा आवाजाच्या भिंतीनं होणाऱ्या त्रासाइतकाच मोठा आहे. म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात, तालुक्याला जुनी बेंजो पार्टी किंवा बँड असेल, तर वाजवणाऱ्यांची नावं लिहून घ्या. कोण काय वाजवायचं, कोणाकडून शिकलं, कोणत्या सालापासून, हे त्यांच्याच तोंडून ऐकून टिपा, आणि जमलं तर त्यांची एक अख्खी वरात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. ही माणसं साठी-सत्तरीत आहेत. येत्या तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होईल, तेव्हाच हे काम हाती घ्या.