दोष हाताचा की माउसचा?

घरातला पंखा बंद पडला तर आपण वायरमनला बोलावतो. पण संगणक अडून बसला की आधी माणसांची उलटतपासणी सुरू होते. "कोणी हात लावला होता?" हा पहिला प्रश्न. दुसरा विचारावाच लागत नाही. कारण तोवर घरातल्या सर्वांत लहान किंवा सर्वांत वृद्ध माणसावर गुन्हा शाबीतही झालेला असतो.

आमच्या घरी हा आरोप अप्पांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर आला. अप्पांचे वय एक्याऐंशी. गेली तीन वर्षे सकाळचा चहा झाला की ते संगणकापुढे बसत आणि आमच्या घराण्याच्या हकीगती मराठीत टाइप करीत. गेल्या श्रावणात या कामात विघ्ने येऊ लागली. एखादे फोल्डर नुसते निवडायला जावे, तर ते उघडून बसे. फाइल ओढून दुसरीकडे न्यावी, तर ती अर्ध्या वाटेतच हातून सुटे. एकदा तर चाळीस पानांची फाइल भलत्याच फोल्डरात जाऊन पडली आणि दोन दिवस सापडेना.

"हात थरथरतो रे आता," अप्पा म्हणाले. आमच्या सौ. मला हळूच म्हणाल्या, "त्यांना आता हे झेपत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवा ना." मलाही ते पटले. चार दिवसांनी अप्पांनी संगणकावर कापड टाकले आणि ते गॅलरीत खुर्ची घेऊन बसू लागले. कोणी काही बोलले नाही. परंतु सकाळची ती टकटक थांबली आणि घर सुने सुने वाटू लागले.

हा खटला पुन्हा चालवला तो आमच्या कन्येने. ती म्हणाली, "बाबा, आजोबांच्या हाताला नावं ठेवण्याआधी माउस बदलून पाहिलात का?"

मी पाहिला नव्हता! तिने आपला माउस आणून अप्पांच्या संगणकाला जोडला. टेबल तेच, हात तोच. बदलला फक्त माउस. अप्पांनी अर्धा तास काम केले. एक फोल्डर आपणहून उघडले नाही की एक फाइल हातून सुटली नाही. मग तिने जुना माउस स्वतःच्या लॅपटॉपला लावला. तिच्या सतरा वर्षांच्या हातातही तो एका दाबाचे दोन करू लागला. निकाल लागला.

वाचकहो, असे होते तरी का? माउसच्या बटणाखाली एक इवलासा स्विच असतो आणि त्यात धातूची लवचीक पट्टी असते. बटण दाबले की ही पट्टी दुसऱ्या टोकाला टेकते. पण टेकताना ती क्षणभर थडथडते. ही थडथड सेकंदाच्या काही हजारांश भागातच विरते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सोय यंत्रात केलेली असते. पुढे पट्टी झिजते, तिच्यावर गंज-काजळी धरते, थडथड लांबते आणि यंत्र एक दाब दोन म्हणून मोजते. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून १९६४ साली पहिला माउस तयार झाला, तो लाकडी होता आणि त्याला बटण होते एकच. आता बटणे वाढली, आणि रोज शेकडो वेळा दबणारे डावे बटण बहुधा आधी थकते.

कन्येने जे केले तेच या निदानशास्त्राचे सार आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष कोणाबरोबर जातो ते पाहायचे. माउस किंवा कळफलक मुळीच चालत नसेल, तर प्रथम त्याची वायर काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत घालावी. बिनतारी असेल तर सेल बदलावा. त्याचा छोटा रिसीव्हर वेगवान यूएसबी खाचेला खेटून असेल, तर तेथील लहरींचा त्याला अडथळा होऊ शकतो. तो जरा दूर लावून पाहावा. पडद्यावरचा बाण नुसताच उड्या मारीत असेल तर टेबलाकडे पाहावे. माउसच्या पोटातला बारीक कॅमेरा खालच्या पृष्ठभागाचे कण टिपून दिशा ओळखतो, आणि स्वच्छ काचेवर त्याला टिपण्याजोगे काही सापडत नाही. खाली एक वही ठेवली की काम भागते.

कळफलकाच्या तक्रारी निराळ्या. एकच कळ रुसली असेल तर खाली धूळ किंवा चुरा अडकल्याचा संशय घ्यावा. पाचसहा कळा एकदम गेल्या, तर आतली एखादी वाट तुटलेली असण्याचा संभव असतो. कारण सगळ्या कळा आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत गुंफलेल्या असतात. इंग्रजीऐवजी मराठी अक्षरे उमटू लागली तर घाबरू नये. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा पालटते. काही लॅपटॉपवर अक्षरांच्या जागी आकडे येतात, तो नम लॉकचा प्रताप. आणि कळ बराच वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षरच उमटत नसेल, तर कोणी तरी विचारांच्या तंद्रीत उजव्या शिफ्टवर आठ सेकंद बोट ठेवून, पडद्यावरच्या प्रश्नाला न वाचताच होकार दिलेला असतो! तीच कळ पुन्हा आठ सेकंद धरली की ही सोय बंद होते.

एवढे करूनही उलगडा न झाल्यास संगणक सुरू होतानाच त्याच्या सेटअपच्या पडद्यावर जावे. तेथे बाणाच्या कळा नीट चालल्या, तर कळफलक बहुधा निर्दोष. खोट विंडोजमध्ये शोधावी. चहा सांडला असेल तर मात्र या तपासात वेळ घालवू नये. आधी वायर काढावी, कळफलक पालथा घालावा आणि पुरता वाळू द्यावा. लॅपटॉप असेल तर तो तत्काळ बंद करून चार्जर काढावा व जाणकाराकडे न्यावा.

आता एक खुलासा. दुसऱ्या माउसनेही अप्पांचे तसेच झाले असते, तर डॉक्टरांकडे जाणे हेच शहाणपणाचे ठरले असते. तो निर्णयही याच परीक्षेने झाला असता. बोटे खरोखरच मंद झाली असतील तर दोन दाबांमधला वेळ विंडोजमध्ये वाढवून घेता येतो. यंत्राने माणसाच्या चालीने चालावे, एवढी सोय त्यात आहे.

साडेतीनशे रुपयांचा नवा माउस आला. दिवाळीच्या साफसफाईत मी वायर काढून कळफलक उलटा झटकला, तेव्हा गेल्या वर्षीच्या चकलीचा चुरा टेबलावर पडला. अप्पा बघत होते. "हा तुझा बरं का," ते म्हणाले, "मी इथे बसून कधी खात नाही." मी मुकाट्याने टेबल पुसले. सकाळची टकटक पुन्हा सुरू झाली आहे. हकीगत आता माझ्या जन्मापर्यंत आली आहे, आणि पुढे माझ्याविषयी काय लिहिले जाणार याची मला थोडी काळजी वाटते आहे.