किडा चिरडला, बोटं लाल!

मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे. तिथल्या डोंगरांच्या पायथ्याशी तेओतित्लान देल व्हाये हे झापोतेक लोकांचं गाव. घरोघरी हातमाग! झापोतेक लोक पूर्वी कमरेला बांधलेल्या मागावर सूत विणायचे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक आले, मेंढ्या आणि पायमाग घेऊन आले, आणि गाव लोकरीचे गालिचे विणू लागलं.

पण मला गालिच्यांपेक्षा त्यांच्या लाल रंगाचंच जास्त कौतुक! कारण तो येतो चक्क एका किड्यापासून.

निवडुंगाच्या फड्यावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. बुरशी वाटते ना? नाही हं! मेणाची पांढरी भुकटी अंगावर घेऊन कोचिनील किड्याची मादी तिथे सोंड खुपसून रस पीत बसलेली असते. तिला पंख नसतात, पळता येत नाही. मग मुंग्या तिला खात नाहीत? तिच्या अंगात कार्मिनिक आम्ल भरलेलं असतं, आणि ते मुंग्यांना मुळीच आवडत नाही. ती चिरडली, की बोटं लालभडक.

हे किडे वाळवून दगडी पाट्यावर वाटतात. पाव इंचाएवढेही नसतात बरं का, जेमतेम पाच मिलिमीटर! त्यामुळे एक किलो भुकटीला लाखाहून जास्त किडे लागतात. खरी गंमत पुढे आहे. विणकर तळहातावर चिमूटभर भुकटी घेऊन लिंबू पिळतात : रंग शेंदरी! लिंबाऐवजी खायचा सोडा किंवा चुना घातला तर जांभळा! आम्ल आणि अल्कली यांच्यामुळे रंग बदलतो. घरी हळदीवर साबणाचं पाणी टाकून बघा, तीही लाल होते. धुतल्यावर रंग जाऊ नये म्हणून लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळतात.

या रंगावर स्पेन गब्बर झाला. मेक्सिकोतून जहाजांत जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल किंमत याचीच! युरोपात मात्र हे दाणे बी आहेत की किडे, यावर कितीतरी वर्षं वाद चालला.

इंग्रजांनाही हा रंग हवाच होता. 1795 मध्ये त्यांनी भारतात कोचिनील किडे आणले खरे, पण ते निघाले भलत्याच जातीचे. रंग काही धड मिळेना. किड्यांनी इथले निवडुंग मात्र फस्त करून टाकले!