मंडळ आपलं, मग कागद कशाला?

हळदीकुंकवाला जमलेल्या चौघीजणींनी वर्गणी काढायचं ठरवलं, असंच आमचं महिला मंडळ सुरू झालं. कार्याला लागणारी पातेली, पराती, सतरंज्या घेतल्या. पुढे शिवणवर्ग निघाला. नोंदणी मात्र कधी केली नाही. पैसे खजिनदार काकूंच्या स्वतःच्या बचत खात्यात असायचे.

गेल्या वर्षी काकू वारल्या. खात्याला नॉमिनी म्हणून त्यांच्या मुलाचं नाव होतं. मुलगा भला, बँकेचं काम उरकल्यावर त्यानं मंडळाचे सगळे पैसे आणून दिले. पण तोवर चार महिने शिवणवर्ग बंद होता. आणि तो भला नसता तर? आमच्या हातात दाखवायला एक कागदही नव्हता.

म्हणून बैठकीत नोंदणीचा विषय काढला. वाटलं, सगळ्या लगेच हो म्हणतील. तसं झालं नाही. जुन्या बायका दुखावल्या: "इतकी वर्षं विश्वासावर चाललं, आता आमचाच विश्वास नाही का?" काहींना जिल्ह्याच्या खेपांची आणि हिशेबाची धास्ती. एक वहिनी हळूच म्हणाल्या, "शिकलेल्या होतील अध्यक्ष, आम्ही राहू भांडी घासायला." उलट तरुण मुलींना वाटत होतं, की नोंदणी झाली की अनुदान दारात येईल.

तेव्हा आम्ही मतदान पुढे ढकललं आणि आधी नीट माहिती काढली. ती तुम्हालाही सांगतो.

महाराष्ट्रात मंडळाची नोंदणी साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते. त्यासाठी निदान ७ सभासद लागतात. त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. दोन्हींचं काम सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चालतं. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ खाली ना-नफा कंपनीही काढता येते, पण तिचे दरवर्षीचे कागद आमच्यासारख्या लहान मंडळाला जड जातात.

नोंदणीनं काय होतं? पैसा आणि भांडी मंडळाच्या मालकीची होतात, कुणा एकीच्या घरची राहत नाहीत. खजिनदार बदलली तरी खातं तिथंच राहतं. मात्र कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत 'चेंज रिपोर्ट' द्यावा लागतो. हिशेब, इतिवृत्त नीट ठेवावं लागतं. जागा घेतली तर ती धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि हे बचत गटासारखं नाही बरं का! इथली शिल्लक सभासदांना वाटून घेता येत नाही. मंडळ बंद झालं तरी नाही. अनुदानासाठी नोंदणी बहुतेक ठिकाणी मागतात, पण नोंदणी केली म्हणून अनुदान मिळतंच असं नाही.

हे सगळं ऐकल्यावर आमच्या लक्षात आलं, की बायकांचा राग कायद्यावर नव्हता. आपलं मंडळ आपल्या हातून जाईल, ही भीती होती. त्या भीतीला उत्तर नियमावलीत असतं, आणि नियमावली आपणच लिहायची असते. अध्यक्षपद किती वर्षं, खात्यावर सह्या किती जणींच्या, वर्गणी थकली तर काय, हे सगळं आपण ठरवायचं. त्या वहिनींच्या बोलण्यावरून आम्ही दोन गोष्टी मसुद्यात घातल्या: कार्यकारिणी दर तीन वर्षांनी निवडायची, आणि हिशेब दर बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवायचा, म्हणजे वाचता न येणारीलाही कळेल.

पुढच्या बैठकीत बहुतेकींनी हात वर केले. तिघींनी केले नाहीत, आणि तेही इतिवृत्तात लिहिलं. त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मी सही करणार नाही, पण वर्गणी देईन." त्यांची वर्गणी त्या दिवशी सगळ्यांत आधी आली.

तुमच्या मंडळात हा विषय निघाला, तर 'नको' म्हणणारीला आधी बोलू द्या. नियमावलीत काय लिहायचं राहिलंय, हे बहुधा तिलाच ठाऊक असतं.