हवेतली वाटणी

मोबाइल नवा होता तेव्हाची एक गोष्ट अनेकांना आठवत असेल. फोन रेडिओजवळ ठेवला, की घंटी वाजण्याआधीच रेडिओ गुरगुरू लागे. तो बिघाड नव्हता. तो एका वाटणीचा आवाज होता.

मोबाइलच्या वाट्याला आलेला रेडिओलहरींचा पट्टा मोजकाच, बोलणारे मात्र असंख्य. १९८०च्या दशकातल्या पहिल्या पिढीने शेतात बांध घालावेत तशी त्याची वाटणी केली. अमेरिकेत एका संभाषणाला जाण्या-येण्यासाठी प्रत्येकी ३० किलोहर्ट्‌झची पट्टी मिळे. बोलणारा गप्प बसला, तरी पट्टी अडलेलीच.

युरोपात घडलेले आणि १९९५मध्ये भारतात आलेले जीएसएम तंत्र बांधाच्या जोडीला पाळी घेऊन आले. सामाईक विहिरीच्या पाण्याची असते तशी. २०० किलोहर्ट्‌झच्या पट्टीत आठ पाळ्या. सुमारे ४.६ मिलिसेकंदांत एक फेरी संपते, म्हणजे बोलताना फोन सेकंदाला २१७ वेळा लहरी सोडतो आणि थांबतो. आवाज आकड्यांत बदलून आटोपशीर केलेला असल्याने कानाला खंड जाणवत नाही. रेडिओची गुरगुर ती हीच.

सीडीएमए तंत्रात बांधही नाही, पाळीही नाही. सगळे एकाच पट्ट्यात, एकाच वेळी बोलतात. प्रत्येकाचा संकेत तेवढा वेगळा. समजा, माझा संकेत (१, १) आणि तुमचा (१, −१). मला १ पाठवायचा आहे, तुम्हाला −१. आपापल्या संकेताने गुणून दोन्ही निरोप हवेत मिसळले, की बेरीज होते (०, २). ती माझ्या संकेताने पदशः गुणून बेरीज केली, तर २ येतात. तुमच्या संकेताने −२. चिन्हावरून दोन्ही निरोप वेगळे निघतात.

अडचण एकच. मनोऱ्याजवळचा फोन मोठ्याने बोलला, तर दूरचा बुडतो. म्हणून पहिल्या सीडीएमए यंत्रणेत मनोरा प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा सांगे: जोर वाढव, जोर कमी कर.

चौथ्या पिढीत १५ किलोहर्ट्‌झच्या बारीक पट्ट्या आहेत आणि त्यांची वाटणी दर मिलिसेकंदाला, गरज पाहून, नव्याने होते. पण मूळ पट्टा तेवढाच. यात्रेच्या गर्दीत फोनवर सगळ्या कांड्या दिसूनही नेट हलत नाही, ते यामुळेच. कांड्या मनोरा किती नीट ऐकू येतो ते सांगतात. आपल्या वाट्याला किती आले, ते नाही.