दिवाळीनंतर सातवीत काय?

बालभारतीच्या सातवीच्या गणितात दुसऱ्या सत्रात बँक आणि सरळव्याज येते. 10,000 रुपये, दर साल दर शेकडा 7, मुदत 2 वर्षे, तर व्याज 1,400 रुपये. मुद्दल, दर, मुदत यांचा गुणाकार करून 100 ने भागायचे, एवढेच. मग वर्तुळ, क्षेत्रफळ आणि माझ्या मते साऱ्या सत्रातला सर्वांत सुंदर भाग, पायथागोरसचा सिद्धांत. दोरीने 3, 4 आणि 5 फुटांच्या बाजूंचा त्रिकोण ताणला, की काटकोन बरोबर मिळतो. पाया आखताना ही युक्ती आजही वापरतात. नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क व कर्तव्ये येतात. पालकांनो, घरचे पासबुक मुलांसमोर उघडा आणि व्याजाची नोंद त्यांनाच शोधू द्या.