ओझे डोक्यावर, हिशेब मेंदूत

बिगारीचे काम म्हणजे बिनडोक काम, असे आपण कितीदा ऐकले आहे! रेतीचे घमेले डोक्यावर घेऊन फळीवरून चढणाऱ्या आपल्या आयाबहिणींना फक्त हातपाय लागतात, डोके लागत नाही, असा हा समज. विज्ञान मात्र वेगळेच सांगते.

जर्मनीत हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम टिपल्या व १९२९ साली ते संशोधन प्रसिद्ध केले. फिट येणाऱ्या रोग्याच्या डोक्याला तारा लावून ईईजी काढतात, तो हाच.

डोळे मिटले तरी हात वर आहे की खाली, बादली भरलेली की रिकामी, हे आपल्याला कळते. कारण स्नायूंत, त्यांच्या टोकांच्या कंडरांत व सांध्यांत बारीक संवेदक असतात. स्नायू किती ताणला, किती जोर पडला, ही बातमी ते मज्जातंतूंतून मेंदूला कळवतात.

हात स्वस्थ असताना मेंदूच्या संबंधित भागात सेकंदाला सुमारे १० आणि २० अशा दोन लयींच्या लहरी उठत असतात. हात हलला की त्या मंदावतात. थांबला की २० ची लय पूर्वीपेक्षा जोराने परत येते. आपण हात सैल सोडून दुसऱ्याने तो हलवला, तरी लहरी मंदावतातच! म्हणजे मेंदू नुसते हुकूम सोडत नाही, अंगाचे ऐकतोही. वजन स्थिर धरले, तर मेंदूची २० च्या आसपासची लय आणि स्नायूतील विजेची लय एकमेकींशी जुळते.

चालताना, उभे असताना, बसताना, निजताना शरीराची जाण ठेवा, असे भगवान बुद्धांनी सतिपट्ठान सुत्तात सांगितले. कष्टकऱ्याला ही जाण पावलोपावली ठेवावीच लागते. चुकली तर फळीवरून खाली!

जात कामाची नव्हे, काम करणाऱ्यांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. डोक्याचे काम श्रेष्ठ आणि हातांचे हलके, हा भेद त्याच वाटणीतला. मेंदूला तो ठाऊक नाही.

आज मुलांना डोळे मिटायला सांगा. एका हातात पाव किलो साखर, दुसऱ्यात अर्धा किलो द्या. जड कोणती ते मुले लगेच ओळखतील. मग त्यांना सांगा, आई दिवसभर हेच करते, डोक्यावर ओझे घेऊन. तिच्या कामाला बिनडोक कोणी म्हणू नये.