परसातला पातेरा आणि आगोटीची बेगमी

लेखमाला : घर, परस आणि पावसाळा (लेखांक ४)

माडाचे एक झाड वर्षाला साधारण १२ झावळ्या टाकते. पंधरा माडांच्या परसात वर्षाकाठी पावणेदोनशेच्या वर झावळ्या जमतात. त्याशिवाय नारळाची सोडणे (साले), करवंट्या, पोयी, सुपारीच्या विऱ्या आणि आंबा-फणसाचा पातेरा असतोच. कोकणात मे महिन्याच्या मध्यापर्यंत हा सगळा माल कडकडीत वाळतो. याच दिवसांत अरबी समुद्रात वादळे उठतात आणि मिरगाचा पाऊसही दाराशी आलेला असतो. म्हणून परसाची झाडलोट आणि अडचणीच्या दिवसांची बेगमी ही कामे आगोटीपूर्वी एकाच वेळी उरकावी लागतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, अनेक गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. वीज गेली की विहिरीवरचा पंप आणि फोन बंद पडतात. रस्त्यावर झाडे पडली की गॅसची गाडीही येत नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्याला पुन्हा झोडपले. अशा वेळी मदत पोहोचेपर्यंतचे पहिले काही दिवस घराला स्वतःच्या बळावर काढावे लागतात.

पहिले काम वरचे. छपरावर झुकलेल्या माडांचे पिकलेले नारळ आणि लोंबणाऱ्या सुक्या झावळ्या पाडेकऱ्याकडून उतरवून घ्याव्यात; वादळात याच वस्तू कौले फोडतात. हिरव्या झावळ्या मात्र तोडू नयेत, त्याने माडाचे उत्पन्न घटते. पन्हळी आणि कौलांच्या खाचांत अडकलेला पातेराही याच वेळी काढावा, नाहीतर तुंबलेले पाणी घरात उतरते.

खाली आलेल्या मालाची वर्गवारी जळणाच्या गुणावरून होते. पोयी आणि सुक्या पात्या भुरकन पेटतात, त्या पेटवणासाठी. करवंटीची आच कडक असते, तिच्यावर भात लवकर होतो. सोडण संथ जळते आणि त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. तिन्ही प्रकार वेगवेगळे बांधून मांगरात किंवा पडवीत चिऱ्यांवर फळ्या टाकून रचावेत. जमिनीला आणि भिंतीला टेकलेल्या जळणाला ओल धरते आणि वाळवी लागते. निदान पंधरा दिवसांची चूल चालेल इतके जळण कोरडे राहिले पाहिजे. धूर बाहेर जायला वाट हवी. बंद खोलीत निखारे ठेवणे जिवावर बेतते.

चांगल्या लांब झावळ्यांचे झाप विणतात. झावळ पाण्यात भिजवून मऊ करतात, मधल्या दांड्यावर उभी चिरतात आणि पात्या एकाआड एक गुंफत जातात. पडवीच्या उघड्या बाजूला असे झाप बांधले की झड आत येत नाही. दोन-चार झाप जास्तीचे ठेवले तर उडालेल्या कौलांच्या जागी तात्पुरते आच्छादनही होते. पात्यांतले हीर काढून खराटे करतात.

जळणातून उरलेली सोडणे जाळून टाकू नयेत. माडाच्या बुंध्यापासून दीड-दोन मीटरवर चर खणून त्यात ती पोकळ बाजू वर करून थरांनी पुरतात आणि माती लोटतात. सोडण आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते, कुजताना झाडाला पालाशही देते. त्याचा उपयोग पाच-सहा वर्षे होतो.

पातेरा खताच्या खड्ड्यात शेणकाल्याबरोबर थर देऊन कुजवावा. खड्डा अधूनमधून उलटून पाहणे आवश्यक आहे, कारण माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा अशाच कुजणाऱ्या खतात अंडी घालतो. दिसतील त्या अळ्या वेचून माराव्यात.

ढिगांचा आणखी एक धोका आहे. फुरसे आणि विंचू पातेऱ्यात व लाकडांत दडतात. ढीग घराच्या दारापासून दूर असावा, हात घालण्याआधी काठीने हलवावा, पायात बूट असावेत. दंश झाल्यास मंत्र-तंत्रात वेळ न दवडता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

जळणाखालोखाल पाणी. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ४ लिटर धरले, तर पाच माणसांना तीन दिवसांसाठी ६० लिटर झाकून ठेवावे लागते. विहिरीवर रहाट किंवा दोर-कळशी तयार असावी. पुराचे पाणी विहिरीत गेले असेल तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून शुद्धीकरण होईपर्यंत ते पिऊ नये. नंतरही गाळून, खळखळून उकळलेलेच प्यावे. साठवलेले जळण इथेच कामी येते. औषधे, विजेरी, जास्तीचे सेल, छोटा रेडिओ, काडेपेट्या आणि कागदपत्रे घट्ट झाकणाच्या डब्यात एकत्र ठेवावीत.

वादळानंतर परसात पुन्हा झावळ्यांचा खच पडतो. विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीला, तार बंद आहे असे वाटले तरी, हात लावू नये. वीज कर्मचाऱ्यांची वाट पाहावी. मोडलेले माड तसेच कुजू दिले तर गेंड्या भुंगा त्यांत वाढतो आणि उभी राहिलेली झाडे पोखरतो. म्हणून बुंधे लवकर तोडावेत. सरळ ओंडके वहाळावरच्या साकवाला घालता येतात. उरलेले लाकूड फोडून वाळवावे. पुढच्या आगोटीला तेच जळण होते.